वावड्याची पारख

पंगतीत वाढणारा आग्रह करू लागला, की एखादा पाहुणा तरी पानावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, “नको हो, मला वांग्याचं वावडं आहे.” कुणाला वांगे बाधते, कुणाला दूध सोसत नाही, कुणी कोळंबी खाल्ली की त्याच्या अंगावर गांधी उठतात, तर कुणाला गव्हाची पोळी खाऊन वर्षानुवर्षे जुलाब होत राहतात. या सगळ्यांना आपण एकच शब्द लावतो – वावडे. ‘ॲलर्जी’ हा डॉक्टरी शब्दही आता खेड्यापाड्यांत पोचला आहे आणि तोही आपण असाच सरसकट वापरतो. पण शब्द एक असला, तरी त्याच्या पोटात निरनिराळी दुखणी आहेत. त्यांची कारणे निराळी, त्यांचे धोके निराळे, आणि म्हणून त्यांची पारख करण्याच्या रीतीही निराळ्या. ही पारख माणसाने कशी शोधून काढली, त्याची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

ती सांगावीशी का वाटली, ते आधी सांगतो. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाचे पोट वरचेवर दुखे, गुबारा धरे. कुणीतरी सुचवले म्हणून त्यांनी शहरात नेऊन त्याच्या रक्ताची एक महागडी तपासणी करवून घेतली. कागद आला. त्यावर बावीस पदार्थांपुढे लाल खुणा. दूध, गहू, अंडे, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, टोमॅटो – काय नव्हते त्यात! बाईंनी सगळे बंद केले. पोटदुखी थांबली खरी. पण सहा महिन्यांत मुलाची चड्डी कमरेवर ठरेना, आणि खेळाच्या तासाला तो झाडाखाली बसून राहू लागला. बाईंनी मला विचारले, “पदार्थ सोडले तसं दुखणं थांबलं. मग तपासणी खोटी कशी म्हणू? आणि खरी म्हणू, तर पोराला खायला काय घालू?”

प्रश्न अवघड होता. त्याचे उत्तर हवे असेल, तर आपल्याला दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

१८१९ साली लंडनमधले एक डॉक्टर, जॉन बोस्टॉक, यांनी वैद्यांच्या सभेत एका रोग्याची हकीकत वाचून दाखवली. दर उन्हाळ्यात या रोग्याचे डोळे लाल होत, नाक वाहे, शिंकांमागून शिंका येत आणि छाती भरून येई. तो रोगी म्हणजे बोस्टॉक स्वतःच होते. दुखण्याचे वर्णन त्यांनी चोख केले. कारण मात्र त्यांना उमगले नाही. ऊन, धूळ, उष्मा – असे कशाकशावर लोक बोट ठेवीत.

कारण शोधले मँचेस्टर गावच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरांनी. त्यांनाही हेच दुखणे होते. आता दुखणे आपलेच असले, की प्रयोगाला रोगी शोधावा लागत नाही. ब्लॅकलींनी काय केले? गवताच्या तुऱ्यांतले पराग गोळा केले, हाताची कातडी किंचित खरवडली आणि तिथे ते पराग लावले. थोड्याच वेळात तिथे खाज सुटली आणि सूज आली. परागाशिवाय नुसतेच खरवडले, तर असे काही होईना. मग हवेत पराग असतात का आणि किती, हे पाहण्यासाठी त्यांनी चिकट काचा ठेवून त्यांवर बसलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. पतंगांना काचा बांधून उंचावरच्या हवेतले परागही पकडले. १८७३ साली त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने छापले. कातडीवर करायच्या ॲलर्जीच्या तपासणीचा उगम हा असा आहे.

शिक्षकमित्रांनी ब्लॅकलींच्या रीतीकडे नीट लक्ष द्यावे. पराग लावलेली जागा आणि पराग न लावलेली जागा, दोन्ही त्यांनी शेजारी शेजारी ताडून पाहिल्या. शास्त्रीय तपासणीचा प्राण या तुलनेत आहे. पुढे जी तपासणी ही तुलना विसरली, ती फसली. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी टिपून ठेवली होती. रात्रंदिवस गवतात आणि पिकात वावरणाऱ्या शेतकऱ्यांना हे दुखणे क्वचितच होते. शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांना ते अधिक. असे का, याचा उलगडा त्यांना झाला नाही. या गोष्टीकडे आपण शेवटी परत येऊ.

विसाव्या शतकाच्या आरंभी पुढची पायरी आली, तीही उलट्या वाटेने. चार्ल्स रिशे आणि पॉल पोर्टियर हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून समुद्रातल्या विषारी प्राण्यांचा अभ्यास करायला गेले. परत आल्यावर त्यांनी कुत्र्यांना समुद्रफुलाच्या विषाचे थोडे थोडे डोस टोचले. हेतू हा, की कुत्र्यांच्या अंगात त्या विषाविरुद्ध ताकद यावी. देवीच्या लसीने येते तशी. नेपच्यून नावाच्या एका कुत्र्याने पहिला डोस सहज सोसला. तीनेक आठवड्यांनी त्याला पुन्हा तसाच लहानसा डोस दिला, तेव्हा तो धापा टाकू लागला, कोसळला आणि अर्ध्या तासाच्या आत मेला. शरीर शिकले होते खरे, पण उलटा धडा. संरक्षणाच्या विरुद्ध झालेल्या या प्रकाराला त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ असे नाव दिले. या संशोधनाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शेंगदाण्याचा एक दाणा किंवा मधमाशीचा एक डंख एखाद्याच्या जिवावर का बेतू शकतो, हे जगाला तेव्हा प्रथम समजू लागले.

त्याच सुमारास व्हिएन्ना शहरात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे मुलांचे डॉक्टर घटसर्पाच्या रोग्यांवर उपचार करीत होते. घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून केलेली लस टोचत. काही मुलांना ती टोचल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप येई, पुरळ उठे. आणि दुसऱ्यांदा टोचले तर तेच फार लवकर आणि फार जोराने होई. पिर्के यांच्या ध्यानात आले, की एकदा भेटलेल्या पदार्थाला शरीर दुसऱ्या वेळी निराळे वागवते. ‘निराळी क्रिया’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्यांनी १९०६ साली ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. आज या शब्दाला एक अट आहे: शरीराची जी राखण करणारी यंत्रणा आहे, तिने चूक केली तरच ती ॲलर्जी. नुसते न पचणे म्हणजे ॲलर्जी नव्हे. ही अट आपण विसरतो आणि तिथून घोटाळा सुरू होतो.

आता अन्नाकडे वळू. १९१२ साली न्यूयॉर्कमधले डॉक्टर ऑस्कर श्लॉस यांच्याकडे एक मुलगा आला. अंडे, बदाम आणि ओट नावाचे धान्य यांपैकी काही खाल्ले, की त्याच्या अंगावर गांधी उठत. श्लॉस यांनी ब्लॅकलींचीच युक्ती अन्नाला लावली. निरनिराळ्या पदार्थांचे अंश त्या मुलाच्या खरवडलेल्या कातडीवर लावून पाहिले. ज्यांचे वावडे होते, तिथेच गांध उठली. पोटात न घालता पदार्थाची पारख होऊ शकते, हे यातून दिसले.

पण ही गांध उठवते कोण? कातडी, की रक्तातले काही? १९२१ साली ब्रेस्लाऊ गावच्या दोन डॉक्टरांनी त्याचा छडा लावला. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशाचे वावडे होते. कार्ल प्राउस्निट्झ यांना नव्हते. क्युस्टनर यांच्या रक्तातला पाण्यासारखा भाग – त्याला रक्तरस म्हणतात – प्राउस्निट्झ यांनी आपल्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. पाहतात तो तिथे गांध उठली! मासा ज्यांना खुशाल पचत होता, त्यांच्या कातडीच्या तेवढ्या तुकड्याला दुसऱ्याचे वावडे लागले. म्हणजे दोषी वस्तू रक्तात होती. दुसऱ्याचे रक्त असे टोचण्यात काविळीसारखे रोग लागण्याचा धोका असतो, म्हणून ही तपासणी पुढे बंद पडली. पण तिने दाखवलेली वाट खरी होती.

ती वस्तू हाती यायला आणखी ४५ वर्षे जावी लागली. १९६६ साली अमेरिकेत डेनव्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी, आणि १९६७ साली स्वीडनमध्ये उप्साला येथे योहान्सन आणि बेनिख या दोघांनी, ती स्वतंत्रपणे ओळखली. इशिझाका पतिपत्नींनी तर स्वतःच्या कातडीवर सुया टोचून घेत हा शोध पुरा केला. १९६८ साली तिचे नाव ठरले – इम्युनोग्लोब्युलिन ई, थोडक्यात आयजीई.

तिचे काम समजायला एक दाखला घेऊ. समजा, गावाच्या वेशीवर जागले बसवले आहेत. चोर आला तर शिंग फुंकायचे, एवढेच त्यांचे काम. एखाद्या गावात जागल्यांना बिचाऱ्या भाजीवालीचीच ओळख चोर म्हणून पटली, तर ती आली रे आली की शिंग फुंकले जाणार, सारा गाव काठ्या घेऊन धावणार आणि त्या गर्दीत गावाचेच नुकसान होणार. आयजीई हे ते चुकलेले जागले. कातडीत, नाकात, श्वासनळीत आणि आतड्यांत ज्या पेशींवर ते बसलेले असतात, त्या पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. कातडीत ते सुटले की गांधी उठतात, श्वासनळीत सुटले की धाप लागते, आणि सर्व अंगभर सुटले तर रक्तदाब कोसळतो. आपण म्हणतो ‘पित्त उठले’. पण त्याचा पित्ताशी काही संबंध नाही.

या शोधातून रक्ताची खरी तपासणी निघाली. अमुक पदार्थाविरुद्ध रक्तात किती आयजीई आहे, हे मोजण्याची पहिली रीत उप्सालाच्या शास्त्रज्ञांनी १९६७ सालीच जाहीर केली. आजच्या सुधारलेल्या तपासण्या तिच्याच वंशातल्या. आणि कातडीची तपासणीही सोपी झाली. आता खरवडत नाहीत. हाताच्या आतल्या बाजूला निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोक हलकेच टोचतात. रक्तही येत नाही. शेजारी एक थेंब हिस्टामिनचा असतो, तिथे गांध उठलीच पाहिजे. आणि एक थेंब नुसत्या खारट पाण्याचा, तिथे उठता कामा नये. पाहिलेत? ब्लॅकलींची तुलना इथे पुन्हा आली. पंधरा-वीस मिनिटांनी गांध मोजतात. पाण्याच्या थेंबापेक्षा ती निदान ३ मिलिमीटरने मोठी असली तर धरतात. तपासणीआधी काही दिवस खाजेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या डॉक्टर बंद करायला सांगतात, कारण त्या हिस्टामिनला दाबून टाकतात.

मात्र इथे एक मोठे गोम आहे. कातडीवर गांध उठली किंवा रक्तात आयजीई सापडले, म्हणजे जागला त्या पदार्थाला ओळखतो एवढेच कळते. तो शिंग फुंकीलच असे नाही. कित्येक माणसांची तपासणी शेंगदाण्याला होकार देते आणि ती माणसे मूठ मूठ शेंगदाणे सुखाने खातात. गांध मोठी असेल तर वावडे असण्याचा संभव वाढतो. पण त्याचा झटका किती जबर येईल, हे गांधीच्या आकारावरून कळत नाही. म्हणूनच जाणता डॉक्टर आधी हकीकत विचारतो आणि मग हकीकतीत ज्याचे नाव आले, तेवढ्याचीच तपासणी करतो. शंभर पदार्थांचे जाळे टाकले, तर निरपराधही त्यात सापडायचेच.

मग शेवटचा निवाडा कोण करतो? खाऊन पाहणे. पण तेही सावधपणे. दवाखान्यात, औषधे हाताशी ठेवून, संशयित पदार्थाचा कणभर भाग देतात आणि ठरावीक वेळाने तो वाढवत नेतात. १९७६ साली अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स मे यांनी मुलांवर ही परीक्षा अशा तऱ्हेने केली, की खरा पदार्थ कोणत्या दिवशी दिला आणि बनावट कोणत्या दिवशी, हे मुलालाही ठाऊक नाही आणि पाहणाऱ्या डॉक्टरालाही नाही. आई-बापांनी सांगितलेल्या वावड्यांपैकी पुष्कळशी या परीक्षेत टिकली नाहीत. ते खोटे बोलत होते असे नव्हे. एकदा काही खाऊन त्रास झाला, की मन त्या पदार्थाचे नाव धरून बसते, एवढेच. ही परीक्षा घरी मात्र कधीही करू नये. तिथे जीव पणाला लागू शकतो.

आता दुसऱ्या जातीचे वावडे घेऊ. बिब्बा उततो, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. परीट कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन शिपायांच्या अंगावर नेमके त्या खुणांच्या जागी चट्टे उठले, आणि १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला. गाजरगवताचीही तीच कथा. १९५० नंतरच्या काही वर्षांत पुण्याच्या आसपास ते प्रथम नजरेस आले आणि पाहता पाहता रानोमाळ पसरले. शेतात खुरपणी करणाऱ्यांचे चेहरे, मान आणि हात यांची कातडी जाड होऊन खाजू लागली. हे वावडे आयजीईचे नव्हे. ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे. त्यांची चाल संथ असते, त्यांना जागे व्हायला दोन-दोन दिवस लागतात. म्हणून त्याची तपासणीही संथ. योझेफ यादासोन या कातडीच्या डॉक्टरांनी १८९५ साली ती दाखवली: संशयित पदार्थ पाठीवर पट्टीखाली लावून ठेवायचा, ४८ तासांनी पट्टी काढायची आणि त्या वेळी व पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा कातडी पाहायची. टोचण्याची तपासणी वीस मिनिटांत गाजरगवताला ‘निर्दोष’ ठरवील आणि पट्टीची तपासणी तिसऱ्या दिवशी त्यालाच पकडील. प्रश्न ज्या जातीचा, तपासणी त्या जातीची हवी.

तिसरी जात अशी, की तिथे जागल्यांचा संबंधच नाही. दूध न सोसणे हे तिचे ठळक उदाहरण. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडायला आतड्यात लॅक्टेज नावाचे पाचक द्रव्य लागते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. पुढे पुष्कळांत ते कमी होत जाते. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात, वायू धरतो, पोट दुखते, जुलाब होतात. १९६५-६६ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोर येथील डॉक्टरांना दिसले, की हा प्रकार सगळ्या लोकांत सारखा नाही. काळ्या लोकांत तो फार, गोऱ्यांत थोडा. पुढे देशोदेशी पाहणी झाली, तेव्हा उलगडले की जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांचे असेच असते. म्हणजे हा रोग म्हणण्यापेक्षा बहुसंख्य माणसांचा स्वभावच म्हणायचा! आपल्या देशातही उत्तरेकडे हा प्रकार कमी आणि दक्षिणेकडे अधिक आढळला.

याची तपासणी मोठी गमतीची आहे. आंबवणारे जंतू हायड्रोजन वायू सोडतात. तो रक्तात उतरतो आणि फुप्फुसांवाटे श्वासात येतो. म्हणून उपाशीपोटी लॅक्टोजचे पाणी प्यायला देतात आणि दोन-तीन तास थोड्या थोड्या वेळाने फुंकर मारायला लावतात. श्वासातला हायड्रोजन वाढला, की समजावे दुधाची साखर पचली नाही. इथे कातडी टोचून किंवा आयजीई मोजून काहीही कळायचे नाही. शिवाय यात जिवाला धोका नसतो आणि सगळे सोडावेही लागत नाही. दह्यात साखर कमी झालेली असते आणि दह्यातले जंतू उरलेली पचवायला मदत करतात, त्यामुळे दही-ताक बहुतेकांना चालते. थोडे दूध जेवणाबरोबर घेतले तर तेही पुष्कळांना सोसते. पण ज्याला दुधातल्या प्रथिनाची खरी ॲलर्जी आहे, त्याला ताकाचा घोटही घातक ठरू शकतो. दोघेही म्हणतात “दूध चालत नाही”. आणि दोघांत केवढे अंतर!

चौथी जात गव्हाची. हॉलंडमधले मुलांचे डॉक्टर विलेम डिके यांच्याकडे अशी मुले येत, की ज्यांचे पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे, आणि कितीही खाऊ घातले तरी अंगी लागत नाही. या रोगाला सीलिॲक म्हणतात. गव्हाविषयी डिके यांना युद्धापूर्वीच संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेना, माणसे ट्यूलिप फुलांचे कांदे खाऊन राहिली. त्या उपासमारीत ही रोगी मुले मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हावरचा आरोप सिद्ध केला. गहू, जव आणि राय यांतले ग्लुटेन पोटात गेले, की या माणसांचे शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. १९५० नंतरच्या दशकात तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा तपासता येऊ लागला, आणि १९९७ साली सापडलेल्या एका खुणेमुळे रक्ताची नेमकी तपासणी हाती आली. मात्र लक्षात ठेवा: ही तपासणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते. आधीच पोळी सोडून मग तपासणीला गेलात, तर आतडे बरे झालेले असते आणि रोग सापडत नाही. रोग ठरलाच, तर गहू जन्माचा सोडावा लागतो. पण ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत हे ग्लुटेन नसते. पिठात गव्हाची भेसळ होऊ दिली नाही, तर आपली भाकरी त्या मुलाला बिनघोर चालते.

आता बाईंच्या त्या कागदाकडे येऊ. त्यावर आयजीई नव्हतेच. त्यावर मोजले होते आयजीजी नावाचे दुसरे द्रव्य. आपण जे नेहमी खातो, त्याची नोंद शरीर या आयजीजीच्या रूपाने ठेवते. ती आजाराची खूण नव्हे; ती ओळखीची खूण. २००८ साली युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने स्पष्ट सांगितले, की अन्नाचे वावडे शोधण्यासाठी ही तपासणी वापरू नये. पुढे अमेरिका आणि कॅनडातल्या तज्ज्ञांनीही तेच सांगितले. केस तपासून, दंडाची ताकद पाहून किंवा विजेचे यंत्र लावून वावडे सांगणारेही आहेत; त्यांनाही शास्त्राचा आधार नाही. मुलगा रोज दूध, पोळी, डाळ, शेंगदाण्याची चटणी खात होता, म्हणून त्यांची नोंद रक्तात सापडली. तपासणीने त्याच्या जेवणाची यादी छापून दिली आणि त्याच्या आईने ती आरोपींची यादी समजली.

मग पोटदुखी का थांबली? बाईंनी बावीस पदार्थ एकदम सोडले, आणि त्या बाविसांत दूध होते. पुढे मुलांच्या एका डॉक्टरांनी चार साधे प्रश्न विचारले. दुखणे खाल्ल्यावर किती वेळाने सुरू होई? अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप असे कधी झाले का? दूध किती प्याले म्हणजे दुखे? ताक चाले का? उत्तरे मिळाली: तासा-दोन तासांनी, तसे कधी नाही, पेलाभर प्याले तर, ताक नेहमी चाले. श्वासाच्या तपासणीने त्यावर शिक्का मारला. पोळी, डाळ, अंडे, शेंगदाणे – एकवीस पदार्थ ताटात परत आले, आणि दह्याच्या रूपाने दूधही आले. मुलगा आता खेळाच्या तासाला झाडाखाली बसत नाही.

विनाकारण पदार्थ सोडण्याने उपासमार होते, एवढेच नव्हे. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट उघड केली. अंगावर जबर इसब किंवा अंड्याचे वावडे असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे त्यांनी घेतली. आधी कातडीची तपासणी करून, ज्यांना मोठी गांध उठली ती बाळे वगळली. निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा वर्ज्य केला आणि निम्म्यांना तो नियमाने दिला. पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत शंभरांमागे सुमारे १७ मुलांना शेंगदाण्याचे वावडे झाले होते. खाणाऱ्यांत सुमारे ३ मुलांना. ज्याला भिऊन लांब ठेवले, त्याचेच वावडे जडले! ब्लॅकलींना जे कोडे पडले होते – सारखे गवतात वावरणाऱ्याला गवत का बाधत नाही – त्याचा थोडा तरी अर्थ यात असावा, असे मला वाटते. मात्र लहानग्याला अख्खा दाणा देऊ नये, तो घशात अडकतो. आणि ज्या बाळाला जबर इसब आहे, त्याच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.

श्रोतेहो, आता दोन गोष्टी गाठीला बांधा. पहिली: काही खाल्ल्यावर किंवा माशी चावल्यावर थोड्याच वेळात अंगभर गांधी, ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप, वारंवार उलट्या किंवा भोवळ असे होऊ लागले, तर तो ॲनाफिलॅक्सिस असू शकतो. तिथे तपासणीची वाट पाहायची नाही, लिंबूपाणी-मंत्रतंत्र करीत बसायचे नाही. मांडीत टोचायचे ॲड्रिनलीन हेच त्यावरचे पहिले औषध. लसीकरण करणाऱ्या आरोग्यकेंद्रात ते ठेवलेले असते. रोग्याला चालवू नका, आडवे ठेवा. धाप असेल तर बसते ठेवा, आणि १०८ ला फोन करून तातडीने न्या.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. शाळेत मुलाने काही खाल्ले आणि त्याला त्रास झाला, तर वहीत चार ओळी लिहून ठेवा: काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने काय झाले, आणि आधी असे झाले होते का. ही वही डॉक्टरच्या हाती पडली, की कोणती तपासणी करायची आणि कोणती नाही, हे त्याला कळते. या वहीला काही खर्च येत नाही. बोस्टॉक यांनी १८१९ साली हेच केले होते. आपल्याच दुखण्याची खरी हकीकत नीट लिहून ठेवली. पुढची सगळी पारख त्या हकीकतीवरच उभी राहिली.